रायतूरच्या ओवऱ्यांत : फादर थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र

मुळशी तालुक्याच्या डोंगरदऱ्यांत वाढलेल्या मुलांस जुन्या देवळांची ओळख करून द्यावी लागत नाहीं. गांवाच्या वेशीवर, नदीच्या कांठीं, गडाच्या पायथ्याशीं तीं त्यांनीं लहानपणापासून पाहिलेलीं असतात. देवळापुढचें फरसबंदी अंगण, भोंवतालच्या ओवऱ्या, दीपमाळ, एका अंगास पाण्याचें कुंड, हें सारें त्यांच्या नित्य परिचयाचें. परंतु शेंकडों वर्षांचें जुनें ख्रिस्तमंदिर व त्यास लागून असलेला मठ पाहण्याचा योग आपल्या भागांत येत नाहीं. पुणें शहरांत क्वार्टर गेटाजवळ जें जुनें ख्रिस्तमंदिर आहे तें १७९२ सालीं, सवाई माधवराव पेशव्यांनीं दिलेल्या जागेवर उभें राहिलें. त्याहून फार जुनें कांहीं पाहावयाचें झाल्यास घाट उतरून कोंकणांत व तेथून गोमंतकांत जावें लागतें. म्हणून सुटीची संधि साधून आम्ही कांहीं शिक्षक व विद्यार्थी गोमंतकांतील रायतूर येथें जाण्यास निघालों.

पौड मागें टाकून ताम्हिणी घाटाकडे जातांना मुळशीच्या धरणाचा विस्तीर्ण जलाशय दिसूं लागतो. पाणी शांत असतें, भोंवतालचे डोंगर त्यांत उलटे दिसतात, आणि पाहणाऱ्यास तें दृश्य केवळ सुंदर वाटतें. परंतु आमच्याबरोबरच्या कित्येक मुलांच्या घरीं त्या पाण्याविषयीं वेगळी आठवण सांगितली जाते. त्या पाण्याखालीं मावळांतील कित्येक गांवें, भाताचीं खाचरें व गांवदेवतांचीं स्थानें गेलीं. आणि १९२१ सालीं तेथील शेतकऱ्यांनीं सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह केला, हें त्या मुलांनीं आजोबा-पणजोबांच्या गोष्टींतून ऐकलें आहे. ज्याचें देऊळ गेलें त्याचें नुसतें दगडचुन्याचें घर जात नाहीं. त्याबरोबर तेथील जत्रा, तेथील गाणीं, तेथें ऐकलेल्या कथा, हें सारें जाऊं पाहतें. हा विचार मनांत घेऊनच आम्ही घाट उतरलों. ज्या पुरुषाचें चरित्र येथें सांगावयाचें आहे त्याच्या कार्याचा अर्थ समजण्यास हा विचार पुढें आम्हांस फार उपयोगी पडला.

रायतूर हें गांव गोमंतकाच्या सासष्ट प्रांतांत, मडगांवापासून थोड्याच अंतरावर, जुवारी नदीच्या कांठीं वसलें आहे. एके काळीं येथें भक्कम किल्ला होता. मुसलमानी अंमल, विजयनगरचें राज्य व पोर्तुगीज सत्ता, या सर्वांचीं निशाणें त्यावर एकामागून एक फडकलीं. आतां त्या किल्ल्याचें एक प्रवेशद्वार व खंदकाच्या कांहीं खुणा एवढेंच उरलें आहे. दरवाजांतून आंत जाऊन टेकडी चढली म्हणजे पांढऱ्या भिंतींची एक प्रचंड वास्तु समोर येते. हेंच रायतूरचें सेमिनार, म्हणजे धर्मगुरूंचें विद्यालय. येशूसंघीय पाद्र्यांनीं १६०६ सालच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस याचा पाया घातला व १६१० च्या सुमारास तें पुरें झालें. पुढें १७५९ सालीं पोर्तुगीज सरकारनें येशूसंघास आपल्या राज्यांतून घालवून दिलें, तेव्हां ही वास्तु धर्मप्रांताकडे आली. आणि आजतागायत तेथें धर्मगुरूंचें शिक्षण होत आहे.

आंत शिरतांच मुलांच्या तोंडून आश्चर्याचे उद्गार निघाले. मध्यें मोठें चौकोनी अंगण, व त्याच्या चारी बाजूंनीं दुमजली ओवऱ्या. जाड भिंतींमुळें बाहेरच्या उन्हाचा ताप आंत जाणवत नव्हता. भिंतींवर जुनीं चित्रें आहेत. कांहींचे रंग विटले आहेत, कांहींचे अजून टवटवीत आहेत. अंगणाखालीं पाण्याचें मोठें तळघर आहे. या जागीं पूर्वीं शिवालय होतें अशी समजूत लोकांत चालत आलेली आहे. लागूनच संत इग्नाशियस यांचें मंदिर आहे. त्याच्या वेदीवरील सोनेरी नक्षीकाम मावळत्या उन्हांत झळकत होतें. आमच्यांतील एका लहान मुलानें हळूच विचारिलें कीं, ओवऱ्या आपल्या देवळासारख्या, कुंड आपल्या देवळासारखें, मग हें आपलेंच कां नव्हे? त्या मुलाच्या प्रश्नास त्या क्षणीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. परंतु याच ठिकाणीं सुमारें चारशें वर्षांपूर्वीं एका परदेशी माणसानें त्या प्रश्नाचें एक उत्तर आपल्या आयुष्यानें देऊं केलें होतें, हें ध्यानीं आलें. तो पुरुष म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. गोमंतकांतील लोक त्यांस पाद्री एस्तेवांव या नांवानें ओळखीत.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांत विल्टशर परगण्यांतील बुश्टन नांवाच्या खेड्यांत झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. विंचेस्टर येथील प्रसिद्ध शाळेंत त्यांचें शिक्षण झालें व तेथें त्यांस लॅटिन भाषेची उत्तम गोडी लागली. त्या काळीं इंग्लंडांत एलिझाबेथ राणीचें राज्य होतें. धर्माच्या प्रश्नावरून देशांत मोठी दुफळी माजली होती, आणि जे जुन्या कॅथॉलिक पंथास धरून राहिले त्यांना दंड, तुरुंग व कधीं कधीं मृत्यु हीं भोगावीं लागत. थॉमस त्याच पंथाचे होते. त्यांचा एक जिवलग मित्र होता. त्याचें नांव थॉमस पाउंड. हा गृहस्थ श्रीमंत असून एके काळीं राणीच्या दरबारांत वावरलेला होता. परंतु पुढें त्याचें मन संसारावरून उडालें. दोघांनीं मिळून रोमास जावें व येशूसंघांत प्रवेश करावा असा बेत ठरला. परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याचीं पुढील तीसएक वर्षें बंदिवासांत गेलीं.

थॉमस एकटेच रोमास पोहोंचले. १५७५ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २० तारखेस त्यांनीं येशूसंघांत प्रवेश केला. स्वतःचा हेतु साधला म्हणून ते मित्रास विसरले नाहींत. तुरुंगांत पडलेल्या त्या मित्रास तेथूनच संघांत घ्यावें अशी विनंती त्यांनीं १५७८ सालीं संघाच्या मुख्याधिकाऱ्यांस केली, आणि ती मान्यही झाली. मित्र बंधनांत असतां आपण मोकळे आहों याची जाणीव ज्यास असते त्यासच अशी विनंती सुचते. विद्यार्थिमित्रांनो, थोर माणसांच्या चरित्रांत मोठमोठ्या घडामोडींपेक्षां अशीं लहान कृत्येंच पुष्कळदां त्यांचें अंतःकरण अधिक स्पष्ट दाखवितात.

लौकरच त्यांची नेमणूक हिंदुस्थानाकडे झाली. १५७९ सालच्या एप्रिलच्या ४ तारखेस पांच जहाजांचा तांडा लिस्बन बंदरांतून निघाला, त्यांतील एकावर स्टीफन्स होते. हल्लीं विमानानें एका दिवसांत होणारा हा प्रवास त्या वेळीं साडेसहा महिन्यांहून अधिक काळ चालला. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याशीं वारा पडला व जहाजें कित्येक दिवस एका जागीं तळमळत राहिलीं. पुढें केप ऑफ गुड होपच्या तुफानांतून वाट काढावी लागली. ताज्या अन्नाच्या अभावीं हिरड्या सुजण्याचा व अंग सुजण्याचा रोग पसरला. दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं व त्यांतील २७ दगावलीं. अखेर ऑक्टोबरच्या २४ तारखेस जहाज गोव्यास लागलें. ज्याच्याविषयीं निश्चित नोंद आहे असा हिंदुस्थानांत येऊन राहिलेला पहिला इंग्रज तो हाच, असें इतिहासकार मानतात. पुढें ज्या राष्ट्रानें या देशावर राज्य केलें त्या राष्ट्राचा हा पहिला माणूस तरवार घेऊन अथवा तागडी घेऊन आला नव्हता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

गोव्यास पोहोंचून तीन आठवडे होतात न होतात तोंच, नोव्हेंबरच्या १० तारखेस, त्यांनीं वडिलांस एक दीर्घ पत्र लिहून प्रवासाची सर्व हकीकत कळविली. समुद्रांतील मासे, आकाशांतील पक्षी, वाऱ्यांचे स्वभाव, खलाशांचीं संकटें, सारें त्यांत बारकाईनें आलें आहे. घर सोडून गेलेला मुलगा वडिलांस काळजी वाटूं नये म्हणून जसें सविस्तर लिहील तसेंच तें आहे. हें पत्र रिचर्ड हॅक्लूट या गृहस्थानें १५८९ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांच्या ग्रंथांत घातलें, त्यामुळें तें इंग्लंडांतील लोकांच्या वाचनांत आलें व पूर्वेकडील मार्गाविषयींचें कुतूहल वाढलें. स्टीफन्स मात्र पुन्हां कधीं मायदेशीं गेले नाहींत. वडिलांच्या घराचा उंबरठा त्यांनीं परत ओलांडला नाहीं.

१५८० सालीं त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली व सासष्ट प्रांतांत त्यांचें काम सुरू झालें. मायदेशाची माया त्यांच्या मनांतून गेली नव्हती हें एका प्रसंगावरून दिसून येतें. १५८३ सालीं राल्फ फिच, जॉन न्यूबेरी व त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज हुर्मुजहून कैद करून गोव्याच्या तुरुंगांत आणण्यांत आले. पोर्तुगीजांस ते हेर आहेत असा संशय होता. परक्या देशांत, परक्या सत्तेच्या हातीं सांपडलेल्या त्या माणसांस कोणीच वाली नव्हता. स्टीफन्स यांनीं खटपट केली. गोव्यांत राहणारा लिन्स्खोटेन नांवाचा एक डच तरुणही मदतीस आला. त्यांच्या मध्यस्थीनें डिसेंबर महिन्यांत ते चौघे जामिनावर सुटले. त्यांतील फिच पुढें अकबर बादशहाच्या राजधानीपर्यंत व तेथून ब्रह्मदेशापलीकडे जाऊन कित्येक वर्षांनीं सुखरूप स्वदेशीं परतला.

आतां सासष्ट प्रांताची त्या वेळची स्थिति सांगितली पाहिजे. ती सांगतांना कोणताही पडदा ठेवणें योग्य होणार नाहीं. कारण शाळेच्या अंकांत सत्य झांकून लिहिणें म्हणजे मुलांस खोटें शिकविणें होय. १५६७ सालीं रायतूर किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगीश यानें सासष्टींतील अडीचशेंहून अधिक देवळें पाडलीं व जाळलीं. लोकांचे देव गेले, पोथ्या गेल्या, उत्सव बंद पडले. कित्येक घराणीं आपल्या मूर्ति घेऊन रातोरात नदीपलीकडे निघून गेलीं. अंत्रुज महालांतील आजचीं कित्येक प्रसिद्ध देवस्थानें अशाच रीतीनें तेथें गेलेलीं आहेत. मागें राहिलेल्यांच्या मनांत संताप धुमसत राहिला. १५८३ सालच्या जुलैच्या १५ तारखेस कुंकळ्ळी येथें मंदिरासाठीं जागा पाहण्यास गेलेल्या पाद्र्यांवर गांवकऱ्यांनीं हल्ला केला. त्यांत पांच येशूसंघीय व त्यांच्याबरोबरचे इतर कित्येक ख्रिस्ती लोक ठार झाले. त्यांचे पुढारी रुदोल्फ आक्वाव्हिवा हे अकबराच्या दरबारीं तीन वर्षें राहून नुकतेच परतले होते. मृतांचे देह मिळवून आणून त्यांस मूठमाती देण्याचें दुःखद काम स्टीफन्स यांच्याकडे आलें, व रायतूरच्या मंदिरांत ते देह पुरण्यांत आले. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं कुंकळ्ळीच्या प्रमुख गांवकारांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलाविलें व विश्वासघातानें ठार केलें. एकटाच नदींत उडी टाकून वांचला असें सांगतात. दोन्ही बाजूंस माता रडल्या, दोन्ही बाजूंस मुलें पोरकीं झालीं.

अशा रक्तानें भिजलेल्या भूमींत स्टीफन्स यांस राहावयाचें होतें. आपले सहकारी ज्यांनीं मारले त्यांच्याच भाऊबंदांत, आणि ज्यांचीं देवळें आपल्याच बाजूच्या सत्तेनें पाडलीं त्यांच्यांतच, त्यांनीं पुढील पस्तीस वर्षांहून अधिक काळ घालविला. ते सत्तेच्या छायेखालीं काम करीत होते, ही गोष्ट नाकारतां येणार नाहीं. परंतु लोकांच्या हृदयापर्यंत जाण्याची त्यांनीं निवडलेली वाट सत्तेची नव्हती. ती भाषेची होती.

इंग्रजी ही त्यांची मातृभाषा. लॅटिन व ग्रीक ते विंचेस्टर व रोम येथें शिकलेले. पोर्तुगीज भाषा येथें नित्य व्यवहारांत बोलावी लागे. त्यांवर त्यांनीं सासष्टींतील लोकांची कोंकणी बोली व ग्रंथांची मराठी भाषा, दोन्ही आत्मसात केल्या. नुसत्या बोलण्यापुरत्या नव्हे, तर व्याकरणाचे नियम बसवितां येतील व काव्य रचितां येईल इतक्या. १५८३ सालच्या ऑक्टोबरच्या २४ तारखेस, म्हणजे गोव्यास पाऊल टाकल्यास बरोबर चार वर्षें झालीं त्या दिवशीं, त्यांनीं पॅरिस येथील आपला भाऊ रिचर्ड यास पत्र लिहिलें. येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्या रचनेशीं मिळतीजुळती आहे, हें आपलें निरीक्षण त्यांत त्यांनीं नमूद केलें. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळच्या असाव्यात हा सिद्धांत सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास १७८६ सालीं मांडला, आणि त्यावरून तुलनात्मक भाषाशास्त्राचा उदय झाला. त्याच्या दोनशें वर्षें आधीं सासष्टींतील एका पाद्र्यास त्या साम्याची चाहूल लागली होती. कान देऊन ऐकणाऱ्यास काय ऐकूं येतें याचें हें उत्तम उदाहरण होय.

नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण होती. पूर्वीं संध्याकाळीं देवळांत पुराण लागे. ओव्या गाइल्या जात. आजी नातवंडांस कथा सांगे. तें सारें बंद झालें. त्याच्या जागीं नवीन धर्माचे पाठ तेवढे आले. परंतु पाठ म्हणजे कथा नव्हे, आणि कथेवांचून मनुष्याचें मन भुकेलेलें राहतें. स्टीफन्स यांच्या ग्रंथाच्या आरंभींच असा प्रसंग आहे कीं, एक ब्राह्मण त्यांस नम्रपणें विचारतो : आमचीं पूर्वीचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर आमच्या भाषेंत दुसरें एखादें पुराण आम्हांस कां देत नाहीं? त्या एका प्रश्नांतून मोठा ग्रंथ निर्माण झाला. आमच्याबरोबरच्या त्या लहान मुलाचा प्रश्न आणि हा प्रश्न, दोहोंचें मूळ एकच आहे असें आम्हांस वाटलें.

हा ग्रंथ म्हणजे क्रिस्तपुराण. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या जन्मापूर्वींपर्यंतची कथा असून त्याचे ३६ अध्याय आहेत. दुसऱ्या पुराणांत ख्रिस्ताचें चरित्र असून त्याचे ५९ अध्याय आहेत. अध्यायास त्यांनीं अवस्वर असें नांव दिलें आहे. सर्व मिळून सुमारें ११,००० ओव्या भरतात. ज्ञानेश्वरांनीं व एकनाथांनीं जो ओवीछंद वापरला तोच छंद त्यांनीं घेतला. एकनाथमहाराज तर त्यांचे समकालीनच होत. स्टीफन्स सासष्टींत मराठी शिकत होते त्याच सुमारास, १५८४ सालीं, नाथांनीं पैठणास ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. दोघांची भेट झाली नाहीं, धर्मही निराळे. परंतु सामान्य जनांस आपल्या भाषेंत धर्मकथा मिळाली पाहिजे ही तळमळ दोघांचीही होती. स्वर्गास वैकुंठ म्हणावयास स्टीफन्स यांस संकोच वाटला नाहीं. मराठी माणसाच्या मुखीं जे शब्द रुळले होते त्यांतच त्यांनीं बेथलेहेम व यरुशलेम यांची कथा सांगितली. ग्रंथारंभीं मराठी भाषेची त्यांनीं केलेली स्तुति तर आपल्या शाळांतून कित्येक मुलें पाठ करितात. रत्नें, फुलें, सुगंधी द्रव्यें यांतील जें जें श्रेष्ठ त्याची उपमा त्यांनीं आपल्या या दत्तक भाषेस दिली आहे. जन्मानें मराठी असलेल्या कितीकांनीं आपल्या भाषेस इतक्या प्रेमानें वाखाणिलें असेल, हा प्रश्न आम्ही वाचकांकडेच सोंपवितों.

ग्रंथ छापण्यांतही मोठी अडचण आली. गोव्यांत छापखाना १५५६ पासून होता, परंतु त्यांत रोमन अक्षरेंच होतीं. स्टीफन्स यांची इच्छा अशी कीं, मराठी ग्रंथ मराठी लिपींतच छापला जावा. त्यासाठीं १६०८ सालीं त्यांनीं रोमास संघाच्या मुख्याधिकाऱ्यांस पत्र लिहिलें. रोमन लिपीचीं २४ अक्षरें ओतलीं म्हणजे भागतें; परंतु येथील लिपींत काना, मात्रा, वेलांटी व जोडाक्षरें धरून सुमारें ६०० ठसे लागतात. ही अडचण त्यांनीं लपविली नाहीं. उलट युक्तीनें तीच संख्या २०० वर आणतां येईल असेंही सुचविलें. परंतु तो योग आला नाहीं. अखेर १६१६ सालीं क्रिस्तपुराण रोमन लिपींत छापून निघालें, तेंही याच रायतूर येथील विद्यालयांत. त्या वेळीं ग्रंथकर्त्याचें वय ६७ च्या आसपास होतें. त्यांनीं इच्छिलेले देवनागरी ठसे त्यांच्या हयातींत कोणीं ओतले नाहींत.

यानंतर तीनच वर्षांनीं, १६१९ सालीं, फादर स्टीफन्स यांचें गोमंतकांतच देहावसान झालें. त्यांनीं कोंकणींत लिहिलेली ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी १६२२ सालीं प्रसिद्ध झाली. कोंकणी भाषेंतील तें पहिलें छापील पुस्तक होय. त्यांनीं रचलेलें कोंकणीचें व्याकरण दुसऱ्या पाद्र्यांनीं वाढवून १६४० सालीं रायतूर येथें छापिलें. क्रिस्तपुराणही १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें. रविवारीं व सणाच्या दिवशीं मंदिरांत जमलेल्या लोकांस तें वाचून दाखविण्यांत येई, आणि ओव्यांचा तो परिचित ठेका ऐकून म्हातारीं माणसें संतोष पावत.

परंतु या ग्रंथाच्या कपाळीं सुख लिहिलेलें नव्हतें. १६८४ सालीं गोव्याच्या विजरईनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलूं लागावें. ज्या सत्तेनें पूर्वीं देवळें पाडलीं तीच सत्ता आतां ख्रिस्ती झालेल्या आपल्याच प्रजेची जीभ बांधूं पाहत होती. अशा वातावरणांत देशी भाषेंतील पुस्तकांस कोण जपणार? क्रिस्तपुराणाच्या तिन्ही छापील आवृत्त्या नाहींशा झाल्या. त्यांतील एकही प्रत आज उपलब्ध नाहीं.

मग तो ग्रंथ आपणांस मिळाला कसा? तो घराघरांनीं जपला. गोमंतक सोडून दक्षिणेस मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्याच्या हातानें उतरलेल्या प्रती आपल्याबरोबर नेल्या. कोणाच्या पेटींत, कोणाच्या माळ्यावर, देवघरांतील वस्तूंप्रमाणें त्या सांभाळल्या गेल्या. बाप लेकास देई, लेक नातवास. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो ग्रंथ पुन्हां छापिला. लंडन येथील पौर्वात्य विद्यांच्या विद्यालयांत, विल्यम मार्सडन यांच्या संग्रहांत, देवनागरी लिपींतील एक हस्तलिखितही आढळून आलें. आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं आपल्या पुण्यांतच क्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ति काढिली. १६०८ सालीं एका म्हाताऱ्या पाद्र्यानें जी इच्छा व्यक्त केली ती जवळजवळ साडेतीनशें वर्षांनीं, गोव्यापासून दूर, सह्याद्रीच्या या बाजूस पुरी झाली.

संध्याकाळ झाली तेव्हां आम्ही पुन्हां रायतूरच्या त्या ओवऱ्यांत येऊन बसलों. स्टीफन्स यांचें बहुतेक आयुष्य या वास्तूच्या पूर्वींच, सासष्टींतील खेड्यापाड्यांत व मडगांवच्या मठांत गेलें. ही उभी राहिली तेव्हां ते साठीस पोहोंचले होते. तरी त्यांच्या ग्रंथाचीं पानें याच भिंतींच्या आंत ओलीं ओलीं बाहेर पडलीं, या विचारानें त्या जागेस आमच्या दृष्टीनें निराळेंच मोल आलें. मुलें अंगणाच्या कठड्याशीं शांत बसलीं होतीं. एकानें धरणांत गेलेल्या आपल्या गांवाची गोष्ट काढिली. पाणी चढूं लागलें तेव्हां त्याच्या पणजीनें घरांतून दुसरें कांहीं न घेतां जात्याचा खुंटा तेवढा उचलून आणला होता, व नव्या घरीं नव्या जात्यास तोच बसविला. दळतांना म्हणावयाच्या ओव्या मात्र पाण्याखालीं गेल्या नाहींत. त्या तिच्या तोंडांत होत्या, म्हणून वरच्या गांवीं सुखरूप आल्या. मुलगा सहज बोलून गेला; परंतु आमच्या दिवसभराच्या विचारांस त्यानें एका वाक्यांत गांठ मारली.

दगडाचीं मंदिरें सत्ता पाडूं शकते, पाणी बुडवूं शकतें, काळ झिजवूं शकतो. भाषेंत ठेवलेली वस्तु मात्र कोणी तरी बोलत राहील तोंपर्यंत जिवंत राहते. फादर स्टीफन्स यांस हें उमगलें होतें. ज्यांचें बरेंच कांहीं हिरावलें गेलें होतें त्यांच्यापाशीं ओवी शिल्लक होती. ती त्यांनीं हिरावून घेतली नाहीं, उलट तीच आपल्या हातीं घेऊन तींत आपलें सर्वस्व ओतलें. त्यामुळें झालेला अन्याय भरून निघाला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अन्यायाच्या काळींही माणसानें माणसाशीं कसें वागावें याचा एक मार्ग त्यांनीं दाखविला, एवढें निःसंशय म्हणतां येईल.

पालकांस आमची एवढीच विनंती कीं, घरांत आजीपाशीं, पणजीपाशीं ज्या ओव्या, ज्या कथा, ज्या म्हणी असतील त्या मुलांच्या कानांवर पडूं द्याव्या. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही इंग्रजी शिका, इतर भाषाही शिका. स्टीफन्स यांस पांच-सहा भाषा येत होत्या. परंतु विल्टशरच्या एका मुलानें साडेसहा महिने समुद्र ओलांडून येऊन जी भाषा एवढ्या कष्टानें मिळविली, ती तुम्हांस पाळण्यांतच फुकट मिळाली आहे, हें विसरूं नका. दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही रायतूर सोडलें. ताम्हिणीचा घाट चढून मुळशीच्या पाण्याकांठीं आलों तेव्हां दिवस मावळत होता, आणि मागच्या बांकांवरचीं मुलें आपसांत ओव्या म्हणत होतीं.